तात्पुरतं

दौलतगंजात चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढलात
की आधी मी दिसते, डॉक्टर निगम नंतर.
बसा. चपला राहू द्या पायात, फरशी गार आहे.
जानेवारीत अर्धं लश्कर गजक चावून इथे येतं
आणि प्रत्येक जण सांगतो, काल अचानक झालं.

अचानक कसलं हो.
दाढ वर्षभर आधी गार पाण्याला कुरकुरते,
मग चहाला,
मग रात्री दोनला, कूस बदलून बदलून,
आणि एक दिवस गप्प होते.
तुम्ही म्हणता, बरी झाली.
आतली नस मेलेली असते.
घर सामसूम झालं म्हणजे भांडण मिटलं
असं थोडंच.

दत्ताजी इंदापूरकर, पोस्टातून रिटायर,
मफलरमध्ये अर्धं तोंड गुंडाळून आले.
आधी लवंग, मग लवंगेचं तेल,
मग मेडिकलवाल्याने दिलेला पाच दिवसांचा कोर्स,
तोही तीनच दिवस घेतलेला.
'उपटूच नका बाई. वरची दाढ. डोळा जाईल.'
काका, डोळ्याचा काही संबंध नाही.
हे मी दिवसातून चारदा सांगते,
दोनदा मराठीत, दोनदा हिंदीत.
आणि उपटायची नाहीच आहे. वाचवायची आहे.

इंजेक्शन टोचतं.
मुंगी चावल्यासारखं, असं मी म्हणत नाही,
एवढी मोठी मुंगी नसते.
मग ओठ दुसऱ्याचा होतो.
तो परत मिळेपर्यंत खाऊ नका,
एका मुलाने कचोरीबरोबर स्वतःचा गाल खाल्ला होता.
तोंडावर निळं रबर ताणतात, बोलता येत नाही.
दुखलं तर डावा हात वर करा, आम्ही थांबतो.
विश्वास नसेल तर एकदा उगाच करून बघा.

सुया केसाएवढ्या. यंत्र टूं टूं करत असतं,
मुळाचं टोक आलं की त्याचा आवाज बदलतो.
काकांच्या तीन वाटा सापडल्या.
चौथी डॉक्टर शोधत राहिले,
चष्म्यावर भिंग लावून, पंचवीस मिनिटं.
चौथी? काकांनी डोळ्यांनीच विचारलं.
असते कधीकधी.
पोस्टात नसायचं का एखादं पत्र
कप्प्याच्या मागे पडलेलं?

दोन-तीन दिवस ठणकेल. गोळी जेवून घ्या.
सूज वाढली, ताप आला, तर रविवार बघू नका,
सरळ फोन करा.
आत भरलंय ते तात्पुरतं आहे.
दुखायचं थांबलं म्हणून घरी बसू नका,
तिथेच सगळे फसतात.
आणि शेवटी कॅप.
एवढी कोरलेली दाढ उघडी ठेवली
तर एखाद्या दिवशी सुपारीच्या खांडाने उभी चिरते,
मग डॉक्टरांच्याही हातात काही उरत नाही.

'कॅपचे किती?'
मी सांगितले.
काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले,
तारीख शोधत असल्यासारखे.
'बघू. पेन्शन झाली की.'

ही गप्पी मला पाठ आहे.
माझी खालची, डावीकडची,
डॉक्टरांनीच केली, फुकट, तीन वर्षांपूर्वी.
कॅपचे लॅबला द्यावे लागतात.
तेव्हा ऋजुताची फी होती, मग गीझर बिघडला,
मग काय होतं ते आता आठवतही नाही.
डॉक्टर म्हणतात, पगारातून कापू थोडे थोडे.
मी म्हणते, दिवाळीनंतर.
कुठली दिवाळी, ते विचारत नाहीत.
उजवीकडून खाते.
गजक जिभेवर ठेवून देते, विरघळेपर्यंत,
थंडीत तेवढा वेळ असतो.

जिन्याच्या तोंडाशी काका वळले,
'तुम्हाला बरंय बाई, इथेच काम.
तुमच्या दाढा मजबूत असणार.'
मी हसले.

वहीत लिहिलं: इंदापूरकर, दुसरी बैठक,
एकोणतीस तारीख, चार वाजता.
खालची ओळ कोरी होती.
पेन जरा वेळ तिथे टेकवून ठेवला.
मग फोन वाजला, कुणाची तरी दाढ
काल अचानक.